एक्मोवर असताना माझ्या लेकीचा पाय कसा राखला : नागपूरच्या एका आयसीयूबद्दल

मी पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका गावात आशा म्हणून काम करते, १३ वर्षं झाली. मागच्या वर्षी पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा माझी धाकटी लेक नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात ८ दिवस एक्मोवर, म्हणजे हृदयाचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या मशीनवर होती. त्यानंतर आमच्या भागातल्या दोन घरांनी फोन करून विचारलं, हे एक्मो काय असतं, लावू द्यावं का, तुमचा दवाखाना कसा होता. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. दवाखान्याचं नाव टाकत नाही. डॉक्टर बदलतात, सिस्टर बदलतात. तिथं काय पाहायचं, काय विचारायचं, तेवढं वाचणाऱ्याला कळलं तर ते कुठल्याही दवाखान्यात उपयोगी पडेल.

लेक २१ वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे साडेचारला उठून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावायची. मुलींना ८०० मीटर असतं. ती घड्याळ लावून धावायची आणि घरी आल्या आल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायची. तिचं हृदय वाचलं हे मोठंच आहे, पण त्याबद्दल मी थोडक्यात सांगेन. मला लिहायचं आहे ते तिच्या उजव्या पायाबद्दल. एक्मोवरचा माणूस जगतो आणि पाय गमावून बसतो, असंही होतं, हे आम्हाला तिथं गेल्यावरच कळलं.

तिला आधी तीन दिवस ताप होता. हंगाम डेंग्यूचा, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडेच. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, छाती जड वाटायला लागली, चार पावलं चालली की दम. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात दाखवलं. तिथं सलाईनवर सलाईन लावलं. मी सकाळीच ईसीजी काढा म्हटलं होतं, तो सायंकाळी काढला. मी आशा असून त्या दिवशी जोर धरून बोलले नाही, हे मला अजून टोचतं. रात्री गाडी केली आणि वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत दीडशे किलोमीटर नागपूर गाठलं. ऑक्सिजन लावलेला, माझ्या मांडीवर तिचं डोकं, आणि हात बर्फासारखे.

नागपूरला पहिल्या अर्ध्या तासात इको केला. हृदयाचा पंप १५ टक्के चालत होता. साध्या माणसाचा ५५ च्या वर असतो. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, त्याला ते मायोकार्डायटिस म्हणतात. बीपी वाढवायची दोन औषधं जोरात सुरू केली तरी बीपी धरत नव्हता. लघवी थांबली होती. पहाटे चारच्या सुमारास अतिदक्षता विभागाच्या मॅडमनी मला आणि ह्यांना आत खुर्चीवर बसवलं. उभ्या उभ्या सांगितलं नाही, ही पहिली गोष्ट मला बरी वाटली.

त्यांनी कोऱ्या कागदावर माणसाचं चित्र काढलं. मांडीच्या मोठ्या शिरेतून काळं रक्त बाहेर घ्यायचं, पंपाने ते ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागातून फिरवायचं आणि लाल झालेलं रक्त मांडीच्या धमनीतून परत शरीरात सोडायचं. मशीन हृदय बरं करत नाही, हृदयाला सुट्टी देते, तेवढ्या वेळात सूज उतरली तर उतरते. मग धोके सांगितले. रक्तस्राव, मेंदूत गुठळी, जंतुसंसर्ग. आणि चौथा धोका सांगताना त्यांनी चित्रातल्या उजव्या पायावर गोल केला. म्हणाल्या, "ताई, ज्या पायाच्या धमनीत नळी जाते, त्या पायाला रक्त कमी पडू शकतं. आम्ही पहिल्या मिनिटापासून त्याची काळजी घेतो, तरीही धोका शून्य होत नाही."

मी कास्तकाराच्या घरची. मला ते दांडावरून समजलं. वावरातल्या दांडात पाणी वरून खाली येतं. त्या दांडात मधेच जाड पाइप कोंबला आणि त्यातून पाणी उलटं वरच्या बाजूला सोडलं, तर वरचं वावर भिजेल, पण पाइपाच्या खालचं वावर कोरडं राहील. पाइप दांडाएवढाच जाड असला तर बाजूनेही पाणी झिरपत नाही. लेकीच्या मांडीत घातलेली धमनीची नळी ५ मिलिमीटर जाडीची होती, त्यांच्या मापात १५ फ्रेंच. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. सोनोग्राफीवर तिची धमनी जेमतेम साडेपाच मिलिमीटर दिसत होती. बायांच्या नसा मुळात बारीक, त्यात बीपी पडला की शरीर त्या आणखी आवळतं, आणि बीपीची औषधंही हातापायांच्या नसा आवळूनच बीपी वाढवतात. म्हणजे पायावर चहूकडून संकट. म्हाताऱ्या माणसाला, शुगरवाल्याला, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला आधीच नसा अरुंद झालेल्या असतात, त्यांनाही हा धोका जास्त. पण तरण्या पोरीलाही असतो, हे मला माहीत नव्हतं.

त्यावर उपाय म्हणजे दुसरी, बारीक नळी. मोठ्या नळीच्या खालून त्याच धमनीत, पण तोंड पायाच्या बोटांकडे करून घालतात. मशीनकडून येणाऱ्या लाल रक्तातला थोडा फाटा तिच्यातून खाली पायात सोडतात. लेकीला ६ फ्रेंचची, म्हणजे २ मिलिमीटरची घातली, बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक. मी मॅडमना विचारलं, "आत्ता पोरगी एवढी सिरीयस आहे, ही नळी उद्या नाही का घालता येणार?" त्या म्हणाल्या, "पाय गार पडल्यावर घालायची म्हणजे उशीर झालेला असतो. मोठी नळी गेली की लगेच छोटी घालतो." आणि तसंच केलं. शिरेची नळी डाव्या मांडीत घातली. दोन्ही जाड नळ्या एकाच पायात गेल्या असत्या तर एकीकडून रक्त जायला वाट नाही आणि दुसरीकडून परतायला नाही, असं झालं असतं.

या दवाखान्याला मी चांगलं म्हणते ते सगळ्यात आधी या एका गोष्टीसाठी. त्या घाईच्या पहाटेही त्यांनी पाय मागाहून पाहू असं म्हटलं नाही.

सकाळी साडेदहाला पहिल्यांदा आत सोडलं, दहा मिनिटं. तोंडात नळी, नाकात नळी, दोन जाड नळ्या मशीनकडे जाणाऱ्या, एक काळसर आणि एक लालभडक. अंगावर चादर, पण ती गुडघ्यापर्यंतच. दोन्ही पाय उघडे. मला आधी वाईट वाटलं की पोरीला नीट पांघरलंही नाही. सिस्टर, भंडाऱ्याकडची पोरगी, म्हणाली, "काकू, मुद्दाम उघडे ठेवतो. झाकलं की रंग दिसत नाही."

आमच्या आशांच्या कामात नवजात बाळाच्या घरी जायचं असतं, जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी, बेचाळीसाव्या दिवसापर्यंत. घरी जाऊन बाळ राखायची ही रीत आमच्याच विदर्भातल्या गडचिरोलीत उभी राहिली आणि तिथून देशभर गेली. त्यात आम्हाला शिकवलेलं आहे, बाळाच्या पोटाला हात लावायचा आणि तळव्यांना हात लावायचा. पोट कोमट आणि तळवे गार, म्हणजे सावध व्हायचं. कित्येक बाळांचे तळवे मी या हाताने पाहिले. त्या दिवशी मी सिस्टरला म्हटलं, मला तिच्या पायांना हात लावू दे. तिने हात धुवायला लावले, जेल चोळायला लावलं आणि मग लावू दिला. डावा तळवा कोमट. उजवा त्याच्यापेक्षा जरा गार, पण मेलेला गार नाही. मी तसं म्हटलं. तिने "काकू, बरोबर" म्हणून तिचा तक्ता दाखवला. तिथं तिने दहा वाजता "उजवा किंचित गार" असंच लिहिलं होतं.

त्या तक्त्याबद्दल सांगते, कारण मला तो आमच्या रजिस्टरसारखा वाटला. दर तासाला दोन्ही पायांच्या नोंदी. रंग कसा, हाताला कसा लागतो, अंगठ्याचं नख दाबून सोडलं की किती सेकंदात परत लाल होतं, पोटरी मऊ आहे की टणक. पोटरीभोवती पेनाने रेघ मारून ठेवली होती आणि दर पाळीला त्याच रेघेवर टेप धरून माप घ्यायचे. पोटरी फुगून टणक व्हायला लागली तर आतल्या आत स्नायू आवळून मरतो, तेव्हा चिरे देऊन तो मोकळा करावा लागतो. आणि गुंगीतला माणूस बोलत नाही. दुखतं, मुंग्या येतात, बोटं हलत नाहीत, हे जागा माणूस सांगेल. झोपवलेल्याच्या पायाचं दुखणं दुसऱ्यानेच ओळखावं लागतं.

दोन यंत्रं होती. एक म्हणजे दोन्ही पोटऱ्यांवर चिकटवलेले स्टिकर. ते कातडीतून प्रकाश सोडून खालच्या मांसात ऑक्सिजन किती आहे ते मोजतात आणि पडद्यावर दोन आकडे दिसत राहतात, उजव्याचा आणि डाव्याचा. नळ्या घालायच्या आधीच त्यांनी हे स्टिकर लावले होते, म्हणजे सुरुवातीचा आकडा हाताशी होता : उजवा ६१, डावा ६४. त्यांचा नियम असा होता की ५० च्या खाली गेला किंवा दोन पायांत १५ चा फरक पडला, तर काम टाकून आधी पाय पाहायचा. दुसरं यंत्र हातात मावणारं डॉपलर. आमच्या आरोग्य केंद्रात पोटातल्या बाळाचे ठोके ऐकतात, त्याच जातीचं. थोडं जेल टाकून पायाच्या पाठीवर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, मागच्या खोबणीत टेकवायचं आणि ऐकायचं.

पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मी घाबरले. मला ठोके ऐकू येतील असं वाटलं होतं. ठोके नव्हतेच. पऱ्हाटीतून वारा वाहावा तसा सलग "शूऽऽ" आवाज. सिस्टरने समजावलं की हृदय जवळजवळ थांबल्यासारखं आहे, रक्त मशीन ढकलते आणि मशीन ठोके देत नाही, सलग ढकलते. त्यामुळे बोटांना नाडी लागणारच नाही. म्हणूनच डॉपलर पाहिजे. हात लावून "नाडी लागत नाही" लिहून मोकळं होण्यात अर्थ नसतो.

घरून सासूबाईंचा फोन. "पाय थंड हाये त गरम पान्यानं शेकून काढा न बाई, नाईतं तेल चोळून द्या." मलाही दुसऱ्या दिवशी तसंच वाटत होतं. सिस्टरने दोन्हीला ठाम नाही म्हटलं. बाहेरून शेकल्याने रक्त वाढत नाही, आणि रक्त कमी असलेली, संवेदना नसलेली कातडी कोमट पिशवीनेही भाजते. चोळल्याने गुठळी सुटू शकते. टाचेखाली मऊ आधार देऊन टाच अधांतरी ठेवली होती, तेवढंच. कोणी दवाखान्यात असाल तर घरच्यांच्या मायेला इथं आवर घाला.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी मी आत होते तेव्हाच ते घडलं. चादर बदलायला तिघांनी मिळून तिला कुशीवर केलं आणि परत सरळ केलं. दोन-तीन मिनिटांत पडद्यावर उजव्याचा आकडा ५८ वरून घसरायला लागला. ५३. ५०. ४७. यंत्र वाजलं. मी त्या पायाकडे पाहत होते. बोटं माझ्या डोळ्यांसमोर पांढरी पडली, पाण्यात भिजलेल्या मेणबत्तीसारखी. सिस्टरने आधी आवाज बंद केला नाही. तिने सगळ्यात आधी छोट्या नळीला बोट लावलं आणि मशीनच्या जोडापासून मांडीपर्यंत बोट फिरवत आली. मांडीशी, चिकटपट्टीच्या खाली, नळी मुडपली होती. पट्टी सोडवली, नळी सरळ केली. डॉपलर टेकवलं, काही नाही. तिने जागा बदलली नाही, धरूनच राहिली. मग तो वाऱ्याचा आवाज आला, आधी बारीक, मग भरून. आकडा ४९, ५२, ५६. एवढ्यात डॉक्टर धावत आले. त्यांनी छोट्या नळीवर चिमट्यासारखं मीटर लावून पाहिलं, मिनिटाला २०० मिलिलीटरच्या आसपास रक्त जात होतं. म्हणाले, १०० च्या वर आहे, ठीक आहे.

यात चूक झाली होती, हे खरंच आहे. कुशीवर करताना नळीकडे एक माणूस पाहिजे होता. पण ती चूक कोणी झाकली नाही. सिस्टरने माझ्यासमोर तक्त्यात वेळ टाकून लिहिलं, नळी मुडपली, सरळ केली, आकडा किती झाला. दुसऱ्या दिवसापासून कूस बदलताना चौथा माणूस फक्त नळ्या धरायला उभा राहायला लागला. १३ वर्षं रजिस्टर भरणाऱ्या बाईला विचारा, चूक लिहून ठेवणारा माणूस केवढा दुर्मिळ असतो.

चौथ्या दिवशी नाकातून रक्त आलं. नळ्यांत गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन चालू असतं, त्याने रक्त पातळ राहतं. दर काही तासांनी थेंबभर रक्त घेऊन ते किती सेकंदात गोठतं ते पाहतात. तिचं १८० ते २०० च्या मधे ठेवत होते. नाकातलं रक्त थांबेना म्हणून हेपॅरिन कमी केलं. पण हेपॅरिन कमी केलं की सगळ्यात आधी धोका कुणाला? त्या रिफिलपेक्षा बारीक नळीला. मॅडमनी ते स्वतःहून सांगितलं आणि त्या रात्री पायाची तपासणी तासाऐवजी अर्ध्या तासाने केली. सकाळी मी तक्ता पाहिला. रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत चौदा ओळी, सगळ्या एकाच अक्षरात. ती सिस्टर रात्रभर बसली नसेल.

बाहेरच्या हॉलमध्ये आर्वीकडची एक मावशी होती. तिच्या मालकांना दुसऱ्या एका ठिकाणी एक्मो लावून तसंच मशीनसकट इथं आणलं होतं. पासष्टीचे, शुगर, तरुणपणापासून बिडी. त्यांना छोटी नळी घातलेलीच नव्हती. इथं आल्यावर घातली, पोटरीला दोन्ही बाजूंनी चिरे दिले, पण तोवर पाय बराच वेळ उपाशी राहिला होता. स्नायू साधारण सहा तास दम धरतो, पुढे तो मरायला लागतो. आणि मेलेल्या स्नायूत उशिरा रक्त सोडलं तर तिथलं विष सगळ्या अंगात फिरतं, पोटॅशियम वाढतं, लघवी काळ्या चहासारखी होते, किडनी बसते. मावशी मला म्हणाली, "मानूस वाचन म्हंते बाई, पाय जाईन म्हंते." आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवायचो. सातव्या दिवशी त्यांचा पाय गुडघ्याखाली काढला. मी त्या मावशीला काही बोलू शकले नाही, तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

सहाव्या दिवशी सकाळी सिस्टरने मला खुणेनं बोलावलं. डॉपलर पायाच्या पाठीवर टेकवलं होतं. तो वाऱ्यासारखा आवाज होता, पण त्यात काहीतरी हलत होतं. शूऽ-धप. शूऽ-धप. मी पोटातल्या बाळांचे ठोके शेकडो वेळा ऐकलेत, पण असं रडू कधी आलं नाही. हृदय स्वतः ढकलायला लागलं होतं आणि ती बातमी आम्हाला पायाने दिली. त्या दिवसाच्या इकोत पंप ३० टक्क्यांच्या वर आला. त्याच दिवसापासून ते उजव्या हाताच्या रक्ताच्या तपासणीवर जास्त लक्ष ठेवायला लागले, कारण जागं झालेलं हृदय फुफ्फुसातून आलेलं रक्त आधी उजव्या हाताकडे आणि मेंदूकडे पाठवतं. फुफ्फुसं नीट नसली तर ते तिथंच कळतं.

आठव्या दिवशी नळ्या काढल्या. धमनीची नळी जागेवरच खेचून दाब देऊन बसले नाहीत. ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन रक्तवाहिन्यांच्या सर्जननी धमनी उघडली, खालपर्यंत बारीक फुगा फिरवून गुठळी उरली नाही ना पाहिलं आणि टाके घालून शिवली. बाहेर आल्यावर पहिलं काम काय केलं, तर डॉपलर लावलं. त्यानंतर दोन दिवस तोच तासाचा तक्ता चालू होता. मशीन गेली म्हणून पाय विसरले नाहीत.

आता कमतरता. त्या लिहिल्या नाहीत तर हे लिहिणं खोटं होईल.

संमतीचे सगळे कागद इंग्रजीत होते. मॅडमनी तोंडी छान समजावलं म्हणून आम्ही निभावलो, पण सही आम्ही न वाचता येणाऱ्या कागदावर केली. पायाच्या धोक्याबद्दल त्या कागदात एकच ओळ आहे, ते मला नंतर गावातल्या मास्तरांनी वाचून सांगितलं.

नातेवाइकांच्या हॉलमध्ये रात्री चटईला जागा नाही, बायांसाठी वेगळी सोय नाही. खर्चाचं रोज सायंकाळी सांगायचे, तेवढं चांगलं, पण सगळं मिळून ११ लाखांच्या घरात गेलं. ओलिताचं दीड एकर गहाण पडलं, बचत गटाने दिले, सोयऱ्यांनी दिले. पोरगी घरी आहे म्हणून मी याची तक्रार करत नाही, पण पुढच्या माणसाने पहिल्याच दिवशी मशीनचे, किटचे आणि रोजचे पैसे वेगवेगळे विचारून घ्यावे.

सगळ्यात मोठी उणीव सुट्टीनंतरची. एकविसाव्या दिवशी घरी आलो. जांघेतल्या जखमेतून पिवळसर पाणी येत राहिलं, पाच आठवडे. ते लसिकेचं पाणी असतं, अशा ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना येतं, हे आधी सांगितलं असतं तर मी तीन रात्री जागून काढल्या नसत्या. ड्रेसिंगला दर खेपेला नागपूर, म्हणजे जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. शेवटी मीच आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचं आणि त्यांचं व्हिडिओवर बोलणं करून दिलं आणि मग गावातच ड्रेसिंग झालं. हे त्यांनी आपणहून करायला पाहिजे होतं. पाऊलही थोडं लोंबत होतं, चप्पल पायातून निसटायची. त्याला पट्टा दिला, व्यायामाचा एक कागद दिला आणि झालं. आमच्या तालुक्यात फिजिओथेरपीवाला शोधून काढायला मला दीड महिना लागला. त्या दीड महिन्याची भर अजून निघतेच आहे.

तुमच्या घरचं कोणी कधी एक्मोवर जायची वेळ आली, तर घाबरलेल्या डोक्यानेही डॉक्टरांना हे विचारा : पायात रक्त सोडणारी छोटी नळी लगेच घालणार का, आणि नाही घालणार तर का नाही. कधीकधी खरंच कारण असतं, ते सांगतील. दोन्ही पोटऱ्यांवर ऑक्सिजनचं मीटर आहे का, की नुसतं हाताने पाहणार. डॉपलर दर किती वेळाने लावणार आणि ते कुठं लिहिणार. रक्तवाहिन्यांचा सर्जन रात्री दोनला बोलावला तर किती वेळात येईल. आणि आत सोडतील तेव्हा तोंडाकडे पाहून झालं की पायांकडे पाहा. हात धुऊन, विचारून, दोन्ही तळव्यांना एकाच वेळी हात लावा. एका पायाला हात लावून काही कळत नाही, दुसरा शेजारी पाहिजे. रंग, गारवा, पोटरीचा टणकपणा यांत काही वेगळं वाटलं तर तिथल्या तिथं सांगा. मी सांगितलेलं एकदाही कोणी उडवून लावलं नाही, आणि एकदा मी चुकीची होते तेव्हाही सिस्टरने परत डॉपलर लावून दाखवलं.

लेक आता सकाळी चालते, अर्धा किलोमीटर थोडं पळते, थांबते, परत चालते. उजव्या पायाच्या अंगठ्याची वरची बाजू अजून बधिर आहे. सहा आठवड्यांनी केलेल्या कलर डॉपलरमध्ये शिवलेल्या जागी धमनी मोकळी दिसली. हृदयाचा पंप ५५ वर आहे, पण धावण्याची परवानगी हृदयाच्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने द्यायची आहे. या वर्षीची भरती गेली.

मागच्या तपासणीला गेलो तेव्हा मॅडमना मी कागदांबद्दल बोलले. महिन्याभराने त्यांनी एक पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, नातेवाइकांसाठी मराठीत, "ताई, वाचून सांगा" म्हणून. त्यात लिहिलं होतं, "दूरस्थ अवयवाच्या रक्तपुरवठ्यासाठी अतिरिक्त नलिका". मी ते खोडून लिहिलं, "पायाला रक्त देणारी छोटी नळी". "पिंडिका" होतं तिथं "पोटरी" केलं. खाली एक ओळ माझी घातली की तेल चोळू नका, शेकू नका. परवा ते पान हॉलच्या भिंतीवर लागलं आहे, भंडाऱ्याच्या सिस्टरने फोटो पाठवला.